लवंग म्हणजे दुखतंय

हर्षदा खैरनारच्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवलेल्या पट्ट्या डॉक्टर तस्नीम मोमीन यांनी काढल्या आणि भिंगातून बराच वेळ बघितलं. पेशंटला दिसत नसल्यामुळे त्या एरवीपेक्षा जास्त बोलत होत्या.

"तीन जागी लाल फुगवटा आहे. एका जागी बारीक पाण्याचे फोडही आलेत. नावं सांगते. लिनॅलूल, सिट्रल आणि युजेनॉल. तिन्ही वासाची द्रव्यं."

"मी अत्तर लावत नाही," हर्षदा म्हणाली. "पावडरसुद्धा नाही."

"हात धुता ना? साबणात आहे. फरशी पुसायच्या द्रावणात आहे. शांपू, केसांचं तेल, ओले रुमाल, भांड्यांचं लिक्विड. 'नैसर्गिक' म्हणून विकतात त्यातही आहे. लवंगेत, धन्यांत, लिंबाच्या पानात ती निसर्गानंच घातलीयत."

हे रेणू इतके लहान असतात की धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. आत गेल्यावर ते शरीराच्याच प्रथिनांना चिकटतात आणि असं चिकटलेलं प्रथिन संरक्षक पेशींना परकं वाटतं. एकदा पटलेली ही ओळख त्या पेशी बहुधा जन्मभर विसरत नाहीत. लिनॅलूलचं तर आणखी विचित्र. ताजं असताना ते जवळपास निरुपद्रवी असतं, पण उघडलेल्या बाटलीत महिनोन्महिने हवा लागली की त्याचं रूप बदलतं. अर्धी बाटली संपेपर्यंत काही होत नाही आणि उरलेल्या अर्धीनं हात फुटतात. त्यामुळे कारण सापडायला लोकांना वर्षं लागतात.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत याला नुसता त्रास म्हणता आलं असतं. हर्षदाची दृष्टी लहानपणीच गेली होती आणि नाशिकच्या एका ब्रेल मुद्रणालयात ती मुद्रितं तपासत होती. गेल्या वर्षापासून तिच्या बोटांची टोकं कोरडी पडून चिरत होती. मलम लावलं की ठिपके बुळबुळीत लागत आणि मोजे घातले की लागतच नसत. आठवीच्या गणितात एका ठिपक्याची चूक तिच्या बोटांखालून निसटली आणि तशीच छापून गेली. मुद्रणालयाचे व्यवस्थापक देवरे सर रागावले नाहीत. "हात बरे करून या," एवढंच म्हणाले.

"उपचार आहे," डॉक्टर मोमीन म्हणाल्या. "नाकातली लस म्हणतात ना, ती. नाकाच्या आतल्या अस्तरावर रोज हजार गोष्टी येऊन पडतात. प्रत्येकीशी भांडण काढून चालत नाही, म्हणून तिथल्या संरक्षक पेशी मुळातच समजूतदार असतात. आपण ते द्रव्य अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून तिथे फवारतो. त्या पेशी ते आपलं म्हणून स्वीकारतात आणि तो निरोप अंगभर जातो. कातडीपर्यंत."

"आणि तोटा?"

"वास घेणाऱ्या पेशीही तिथेच असतात. जे द्रव्य फवारलं, त्याला ओळखणाऱ्या पेशी गप्प होतात. तेवढा वास जातो. ज्यांनी सुरुवातीला ही लस घेतली त्यांचा अजून परत आलेला नाही. बहुतेकांना फार जाणवत नाही, कारण कुठलाही वास पुष्कळ द्रव्यांचा मिळून झालेला असतो. पण लवंगेत जवळपास सगळं युजेनॉलच. गवती चहात बहुतांश सिट्रल. ते वास साफ जातील."

ती लगेच हो म्हणेल अशी डॉक्टरांची कल्पना होती.

"घरी विचारून सांगते," हर्षदा म्हणाली.

घरी विचारायचं होतं ते सासूला, आणि सासूला बोलता येत नव्हतं.

वैजयंतीबाई खैरनार निवृत्तीपर्यंत एसटीत कंडक्टर होत्या. भरलेल्या गाडीत त्यांचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत पोचायचा आणि घरातही त्यांनी तो कधी कमी केला नाही. मुलानं, सुजयनं, अंध मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी हर्षदाच्या समोरच विचारलं होतं, "तू गावोगाव फिरणार. हिच्याकडे कोण बघणार?" हर्षदानं उत्तर दिलं होतं, "माझ्याकडे कुणी बघितलेलं मला कळत नाही. त्यामुळे चालेल." त्यानंतर दोघी वर्षानुवर्षं एकमेकींशी अतिशय व्यवस्थित वागल्या. हात फुटायला लागल्यावर कुणीतरी सुगंधी साबणाची शंका काढली, तेव्हा वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या, "वासानं कुठे हात फुटतात? काहीतरीच."

मग त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. त्यांना समोरच्याचं सगळं कळत होतं, पण स्वतःचा शब्द ना तोंडावर येत होता ना लिहिता येत होता. हो म्हणायचं असताना मान नाही म्हणून हलायची. असं होतं, असं वाचातज्ज्ञ म्हणाले. त्या हातवारे करत, पण ते हर्षदाला दिसत नसत. तिचा बोलका चष्मा समोरच्या गोष्टींचं वर्णन कानात सांगायचा. त्याचं वर्णन असायचं, "ज्येष्ठ महिला. डावा हात वर." एवढ्यावरून काहीच समजायचं नाही. सुजय द्राक्षबागांमध्ये ठिबकची यंत्रं बसवत दिंडोरी, निफाड, चांदवड असा फिरत असायचा. सकाळी मदतीची बाई येऊन जाई. हर्षदा दुपारी कामावरून परतली की पंचवटीतल्या त्या तळमजल्याच्या घरात दोघीच असायच्या, एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला दिसत नव्हतं.

एका दुपारी हर्षदाच्या नाकाखाली काहीतरी आलं. चुरगळलेली गवती चहाची पात होती.

"चहा हवाय, आई?"

घशातून समाधानाचा "हं" आला.

तिथून सुरुवात झाली. वैजयंतीबाई दाढदुखीला नेहमी लवंग धरत असत, त्यामुळे लवंग नाकाशी आली म्हणजे दुखतंय. हर्षदा मग एकेक विचारत जाई, पाय का, डोकं का, आणि बरोबर जागा आली की "हं". धने म्हणजे स्वयंपाकाला लागू या. तुळशीचं पान म्हणजे अंगणात बसू. लिंबाचं पान म्हणजे सुजय कधी येणार, हे कसं ठरलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. शब्दांची गल्लत करणाऱ्या वैजयंतीबाई वस्तूंची गल्लत कधीच करत नव्हत्या. केसांना त्या जाईचं तेल लावत आणि तो वास म्हणजे मी इथे आहे. हर्षदाला मुद्रितावरून हात न काढता कळायचं की सासू दारात आली, थांबली, आता स्वयंपाकघराकडे गेली.

सुजयला याची गंमत वाटली. "तुम्ही दोघी आत्ता बोलता तेवढ्या आधी कधी बोलला नव्हतात," तो म्हणाला. ते खरं होतं.

आता डॉक्टरांनी सांगितलेली तीन द्रव्यं म्हणजे नेमका हाच शब्दसंग्रह होता. बोटं फोडत होते ते हेच पदार्थ, आणि लस घेतली की जाणार होते तेही हेच वास.

हर्षदानं सासूला सगळं नीट समजावून सांगितलं. मग त्या उठून गेल्या आणि आत फडताळं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले.

दुसऱ्या दिवसापासून घरात वास येईनासे झाले. मदतीच्या बाईकडून वैजयंतीबाईंनी केस बिनवासाच्या साबणानं धुवून घेतले होते. तेलाची बाटली, लवंगांची बरणी, अंगणातली गवती चहाची कुंडी, सगळं बाहेर गेलं होतं. दुपारी चहा मागायला कुणी आलं नाही. हर्षदानं स्वतःहून करून दिला तो त्यांनी घेतला, पण काही मागायचं म्हणून त्या आल्याच नाहीत. घरातल्या बोळातून जाताना हर्षदा दोनदा त्यांच्यावर आदळली.

असे काही दिवस गेल्यावर हर्षदा वैतागली. "आई, तुम्ही गप्प बसून माझे हात बरे होणार नाहीत. हे सगळं ऑफिसच्या साबणात आहे, रिक्षातल्या फवाऱ्यात आहे, शेजारणीनं हात हातात घेतला तर तिच्या क्रीममध्ये आहे. लस घेतली नाही तर माझी नोकरी जाईल. घेतली तर मला तुमचं काही कळणार नाही. मी काय करू ते सांगा."

वैजयंतीबाई पाय ओढत आत गेल्या आणि परत आल्या. हर्षदाच्या मांडीवर त्यांनी आधी तिच्या चपला ठेवल्या, मग तिची पांढरी काठी.

तिनं लस घेतली. एका द्रव्यासाठी एक, असे तीन टप्पे. पहिल्या दोन टप्प्यांनंतर चिरा भरून आल्या. तिसऱ्यानंतर नवी, पातळ कातडी आली आणि कागदावरचे ठिपके बोटांना असे टोचू लागले की सुरुवातीला तिला हळू वाचावं लागलं. देवरे सरांनी एक जुनं, मुद्दाम चुका ठेवलेलं मुद्रित देऊन पाहिलं. तिनं त्यांनी ठेवलेल्या चुका काढल्याच, शिवाय त्यांना माहीत नसलेल्या दोन काढल्या. मुख्य तपासनीस निवृत्त होणार होते. ती जागा तिला मिळावी अशी शिफारस करतो, असं सर म्हणाले. जागा पूर्ण दिवसाची होती.

वास ठरल्याप्रमाणे गेले. धने भाजताना तडतड ऐकू यायची, गरम तव्याचा वास यायचा आणि मध्ये जिथे धने असायला हवे होते तिथे काही नसायचं. लवंग चावली की जीभ बधिर व्हायची, बस. तिला वाईट वाटलं, पण अपेक्षेपेक्षा कमी. तिनं ठरवूनच टाकलं होतं की याचा हिशेब मांडत बसायचं नाही.

वैजयंतीबाईंनी मात्र प्रयत्न सोडला नाही. त्या दिवसांत त्या हाताला लागेल ते आणून तिच्या नाकाशी धरायच्या. वेलची, आलं, कढीपत्ता, ओवा, बूटपॉलिशची डबीसुद्धा.

"हे नाही येत, आई. हे येतंय, पण अर्धवट. हे येतंय."

हातात घेतलं की हर्षदाला आता बहुतेक गोष्टी ओळखू येत होत्या. पण त्यासाठी सासूनं जवळ यायला हवं होतं. जाईचा वासही आता लांबून पोचत नव्हता. दारात नुसतं उभं राहून मी इथे आहे म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

एका सोमवारी हर्षदा घरी दहावीचं विज्ञान तपासत होती. वाचताना कानात बडबड नको म्हणून तिनं चष्मा काढून ठेवला होता. वैजयंतीबाई तिच्या पाठीमागून गेल्या, दाराची कडी काढली आणि बाहेर पडल्या. बाहेर कुणाच्या तरी घराचं काम चालू होतं, त्या आवाजात कडी ऐकू आली नाही. चहाची वेळ झाली म्हणून हर्षदानं हाक मारली, तेव्हा तिला घर रिकामं असल्याचं कळलं. तिनं सगळ्या खोल्यांतून हात फिरवला. मोरी, पलंगाखाली, दारामागे. मग अंगणात उभी राहून "आई, आई" असं ओरडू लागली आणि ओरडताना तिच्या लक्षात आलं की आई कुठेतरी असल्या तरी त्यांना ओ देता येणार नाही.

सुजयला फोन गेला. तो निफाडहून निघाला. तो पोचण्याआधीच एक तरुण कंडक्टर वैजयंतीबाईंना रिक्षातून घेऊन आली.

"निमाणी स्टँडवर बसल्या होत्या," ती म्हणाली. "मावशींना आमच्या डेपोत सगळे ओळखतात. घरचा पत्ताही डेपोतूनच मिळाला. घाबरलेल्या नव्हत्या हो, पिशवी तेवढी सोडत नव्हत्या."

सुजयनं आल्यावर ती पिशवी टेबलावर रिकामी केली. हिंगाच्या डब्या, कापराच्या वड्या, लसणाचे गड्डे आणि वर्तमानपत्रात बांधलेली सुकट.

"सुकट?" तो म्हणाला. "आई आयुष्यात कधी सुकटीला हात लावत नाही. वास आला तरी उठून जाते. आणि एवढा हिंग? हर्षदा, तिचं डोकं पण आता…" त्यानं वाक्य सोडून दिलं, कारण आई तिथेच बसली होती.

हर्षदानं एकेक वस्तू उचलून हुंगली. हिंग आला. कापूर आला. लसूण आला. सुकट तर अंगावर धावून आली. सगळे वास धडधाकट होते, कशातच मध्ये भोक नव्हतं.

"डोकं ठिकाणावर आहे," ती म्हणाली. "त्या बाजारात गेल्या होत्या. मला येतील असे वास आणायला."

सुजय खाली बसला. बराच वेळ त्यानं हिंगाची डबी हातात फिरवली.

"असेल," तो म्हणाला. "असेलच. पण ती एकटी रस्ता ओलांडून गेली आणि तुला कळलं नाही. तुझी काही चूक नाही. पण पुढच्या वेळी स्टँडवर ओळखीचं कुणी नसलं तर? आणि तुझी दिवसभराची नोकरी सुरू झाल्यावर?"

मखमलाबाद रस्त्यावर एक देखभाल केंद्र होतं. दोघं जाऊन बघून आले. स्वच्छ होतं, माणसं सौम्य बोलत होती, खोलीला खिडकी होती. हर्षदानं पलंगाची गादी दाबून पाहिली, न्हाणीघरातले कठडे चाचपले. कशालाच नाव ठेवण्यासारखं नव्हतं. ती हो म्हणाली. तपासनीसाच्या जागेलाही तिनं त्याच आठवड्यात होकार कळवला.

निघायच्या सकाळी सुजयनं बॅगा गाडीत ठेवल्या आणि आईला अंगणातल्या खुर्चीवर बसवलं. "मला वाटलं होतं त्रास देईल," तो हळूच हर्षदाला म्हणाला. "पण शांत आहे. हसतेय बघ."

हर्षदानं चष्मा चढवला. "ज्येष्ठ महिला," चष्मा म्हणाला. "चेहरा प्रसन्न."

निरोप घ्यायला म्हणून ती वाकली. तिनं सासूच्या गालावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या चेहऱ्याला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता. आधी सासूनं तसं जवळ केलं नव्हतं, आणि पुढे तिचे हात कुणाला लावण्यासारखे राहिले नव्हते.

उजवा गाल मऊ होता, मळून ठेवलेल्या कणकेसारखा. लकव्यानं तो खाली ओघळला होता. डाव्या बाजूला जबड्याचा स्नायू दगडासारखा घट्ट होता आणि त्याच्या आत काहीतरी थरथरत होतं. ओठाचा डावा कोपरा वर ओढलेला होता. लांबून बघणाऱ्याला ते हसू वाटलं असतं. बोटांना तिथला ताण कळत होता. रडू येऊ नये म्हणून माणूस तोंड जसं आवळून धरतो, तसं ते एका बाजूनं आवळलेलं होतं. दुसरी बाजू साथ देत नव्हती.

"सुजय," ती म्हणाली, "आई हसत नाहीयेत."

"म्हणजे?"

"हात लाव. इथे नाही, डावीकडे."

सुजयनं हात लावला. त्याच्या बोटांना काय कळलं कोण जाणे, पण त्यानं हात लगेच काढला नाही.

"आई," हर्षदानं विचारलं, "तुम्हाला जायचं नाहीये ना?"

वैजयंतीबाईंची मान काय म्हणाली ते तिला दिसलं नाही आणि दिसून उपयोगही नव्हता. पण त्यांनी डाव्या हातानं तिची बोटं पकडली. बरी झालेली, नव्या कातडीची बोटं. ती इतकी घट्ट आवळली की हर्षदाला कळ आली. तिनं हात सोडवला नाही.

तशीच उभी राहून, दुसऱ्या हातानं तिनं देवरे सरांना फोन लावला. मुख्य तपासनीसाची जागा नको, म्हणाली. सकाळी येत जाईन, बाकीचं काम घरून करीन.

"ती जागा मग आपल्याकडच्या जोशींच्या मुलीला जाईल," सर म्हणाले. "पुन्हा लवकर निघणार नाही."

"हो सर. जाऊ दे."

सुजयला राग आला होता. बॅगा उतरवताना त्यानं गाडीचं दार जोरात लावलं. "भावनेच्या भरात ठरवू नकोस," तो म्हणाला. "ती परत निघून गेली तर काय करशील?"

"मला सांगून जातील."

"कशी सांगेल?"

"ते ठरवायचंय."

दुपारी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसल्या आणि बाजारातून आणलेल्या वस्तू मांडल्या. काम सोपं नव्हतं. धने म्हणजे स्वयंपाक हे आपोआप जमून गेलं होतं, इथे सगळं नव्यानं ठरवायचं होतं. हर्षदा अर्थ सुचवत होती, वैजयंतीबाई वस्तू पुढे सरकवत किंवा मागे ओढत होत्या. कापूर सगळ्यात आधी ठरला. त्यांनी वडी उचलली आणि स्वतःच्या पदराच्या टोकाला ठेवली. एका हातानं गाठ मारता येईना, तेव्हा हर्षदानं मारून दिली. मी इथे आहे. लसूण म्हणजे बाहेर जाऊ या. हिंगावरून बरंच अडलं आणि शेवटी तो दुखण्याला गेला.

"आता 'नाही'ला काहीतरी हवं," हर्षदा म्हणाली. "एवढ्या दिवसांत तुम्हाला मला नाही म्हणता आलं नाही, आई. लग्नाआधी तर किती सहज म्हणायचात."

घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता, निदान हर्षदानं तसा घेतला. मग कागद सळसळला आणि सुकटीची पुडी तिच्यासमोर आली.

संध्याकाळी सुजय जेवायला बसला तेव्हा त्याचा राग उतरला होता. वरणभात कालवत तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, मी जबरदस्ती करत नाही. फक्त पुढच्या महिन्यात एकदा त्या केंद्राचा पुन्हा विचार करू. चालेल ना?"

वैजयंतीबाई उठल्या. पाय ओढत ओट्यापाशी गेल्या, परत आल्या आणि पुडी उघडून मुलाच्या नाकाखाली धरली.

"अगं, हे काय?" सुजय खुर्चीसकट मागे सरकला.

"उत्तर," हर्षदा म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.